युरोप गोठ्याच्या दिशेला

चंपत गुरुजींना जाऊन तीन महिने झाले होते, आणि त्यांच्या शेतातल्या खोलीत कोणीतरी इंग्रजी बोलत होतं.

तेजस्विनी, त्यांची मुलगी, किल्ली हातात धरून दारातच थांबली. शनिवारची सकाळ, आभाळ राखेसारखं... वेचणीला आलेला कापूस दवाने ओला होऊन लोंबत होता. भावाने ही जमीन विकली होती. सोमवारी दहा वाजता अँटेनाचा खांब कापायला माणूस येणार होता. त्याआधी बाबांची पुस्तकं पोत्यात भरायची, एवढंच ठरवून ती आदिलाबादहून गुडीहत्नूरला आली होती. आणि आत रेडिओचा हिरवा दिवा लागलेला, रिकाम्या खोलीत एक तरुण आवाज अगदी नम्रपणे सांगत होता, "फाईव्ह नाईन, टू टू. थँक यू."

चोर असता तर थँक यू म्हणाला नसता. बाबांचं भूत असतं तर मराठीत बोललं असतं.

भिंतीवर बाबांच्या अक्षरात कागद होता: 'काही बंद पडल्यास धम्मपाल, बेल्लमपल्ली', खाली नंबर. काहीच बंद पडलं नव्हतं, हीच तर तक्रार होती. तिने फोन लावला. गुरुजींच्या खोलीतून बोलतेय म्हटल्यावर पलीकडचा माणूस हरखला.

"बरं झालं. गुरुजीले सांगा ना, अँटेना जरा जपानकडं करा म्हणा. रुसले काय माह्यावर? फोनच उचलत नाई."

"बाबा वारले," ती म्हणाली. "आषाढात."

रेडिओवर एक जपानी माणूस तीनदा हाक मारून थकला आणि निघून गेला.

मग धम्मपालने अडखळत सगळं सांगितलं. तो खाणीच्या ऑफिसात कारकून. क्वार्टरच्या गच्चीवर अँटेना लावली तेव्हा शेजारच्या टीव्हीवरची सासू त्याच्या आवाजात बोलायला लागली, म्हणून ती काढावी लागली. तेव्हापासून दोन वर्षं तो बेल्लमपल्लीत हेडफोन लावून बसायचा आणि इंटरनेटवरून गुरुजींचा इथला रेडिओ चालवायचा. हौशी रेडिओचा परवाना त्याचा, अँटेना गुरुजींची. सगळं लांबूनच व्हायचं, फक्त अँटेना फिरवायची मोटार जळाली होती. ती गुरुजी दोरीने ओढून फिरवायचे. भेट कधी झालीच नाही. या शनिवार-रविवारी जागतिक स्पर्धा होती: अठ्ठेचाळीस तासांत जास्तीत जास्त स्टेशनांशी बोलायचं.

"मी बंद करतो," तो म्हणाला.

तिने खांबाकडे पाहिलं. दोरी बाबांच्या हाताने गुळगुळीत झाली होती.

"जपान कुठं येते?" तिने विचारलं.

"...चिंचेकडं."

"अन् युरोप?"

"जयवंताबाईच्या गोठ्याकडं."

असं ते सुरू झालं. तो फोनवर खंड सांगायचा, ती ओढायची. "अजून थोडं गोठ्याकडं... बस, इटली आली." शेजारीण जयवंताबाई मात्र वैतागली. युरोप चालू असला की तिची म्हैस पान्हा चोरायची, आणि गुरुजी असताना हे फक्त दिवसातून एकदा व्हायचं, असं तिचं म्हणणं होतं.

तेजस्विनीच्या तळहाताला फोड आले. तरी रविवारी सकाळी ती पहिल्याच बसने परत आली आणि स्वतःवरच रागावली.

"तुमी सगळ्याले फाईव्ह नाईनच काऊन म्हणता?" तिने विचारलं.

त्याने समजावलं, याला रिपोर्ट म्हणतात. पहिला आकडा बोलणं किती कळलं त्याचा, पाचपैकी. दुसरा आवाजाच्या जोराचा, नऊपैकी. टू टू म्हणजे आपल्या भागाचा नंबर. स्पर्धेत घाई असते, त्यामुळे ऐकू येवो न येवो, सगळं जग सगळ्यांना पाच-नऊ म्हणतं.

"म्हणजे खोटं."

"रिवाज हाय. तुमचे बाबा नाई पाळायचे. खरंच सांगायचे. एकाले 'तीन-दोन' दिलं, वरून म्हणाले, तोंडातलं काढून बोल बाळा. दर साली शेवटून दुसरे."

ती हसली. बाबांची वही तिने कालच चाळली होती. वीस वर्षांची पानं, हजारो माणसं, आणि पाच-नऊ एकदाही नाही.

दुपारपर्यंत धम्मपालच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आकडा जमला होता.

"उद्या खांब गेल्यावर..." ती म्हणाली, "तुमी फोन कराल काय? मंग तं काही कारणच नाई राह्यणार."

"फाईव्ह नाईन, टू टू," तो म्हणाला.

ते एका ग्रीक माणसाला होतं. तिने दोरी अजून थोडी गोठ्याकडे ओढली.

संध्याकाळी पाचला रेडिओ मुका झाला. स्पर्धेचे बारा तास बाकी होते. तिने नियमाप्रमाणे बटण बंद-चालू केलं, तीनदा. फोन लागेना. आपण विचारायला नको होतं, असं पोती बांधताना तिला शंभरदा वाटलं.

सोमवारी दहाला कटरवाला आला, वेळेवर. अशी माणसं वेळेवरच येतात. तिने खांबाची दोरी सोडवून हातात घेतली. ठिणग्या उडायला लागल्या, आणि हायवेवरून एक माणूस कापसातून वाट काढत आला. गळ्यात हेडफोन, वायर खिशात, हातात बंद पडलेला फोन; स्पर्धा अर्धी टाकून रात्र बसस्टँडवर काढल्यासारखा चुरगळलेला. आवाजापेक्षा बराच बुटका होता.

तो समोर उभा राहून काहीतरी बोलला. कटर किंचाळत होता.

"एक-दोन," ती म्हणाली. "काहीच नाई समजलं."

तो पुन्हा बोलला.

"तीन-तीन. 'फोन' ऐकू आला, बाकी खरखर."

त्याने छाती भरून घेतली. तेवढ्यात खांब कलला, सावकाश, आणि युरोपच्या बाजूला आडवा झाला. कटर थांबला. सगळं शिवार गप्प झालं आणि त्या शांततेत धम्मपाल जिवाच्या आकांताने ओरडला,

"फोन कराले मले कारण नाई पाह्यजे. मले तुमी पाह्यजे."

"आलं ऐकू," गोठ्यातून जयवंताबाई म्हणाली.

तो कानापर्यंत लाल झाला. "रिपोर्ट?" त्याने हळूच विचारलं.

तेजस्विनीने पडलेल्या खांबाकडे पाहिलं. दोरी अजून तिच्या हातात होती, दुसऱ्या टोकाला आता काहीच नव्हतं. डोळे पुसायला तिला जरा वेळ लागला. खरं सांगायचं तर वेळ लागतोच.

"पाच-नऊ," ती म्हणाली.

गुरुजींच्या घराण्यातला हा पहिलाच.