मेहुण्याचा विंचू

"माझ्या भावाला आजच घर सोडायला सांगितलंय," सुताराची बायको म्हणाली. "म्हणे, सकाळी त्यानं ह्यांच्या हातमोज्यात विंचू सोडला!"

गुप्तहेर बाई पूर्वी परिचारिका होत्या. त्या तडक निघाल्या. सोबत मदतनीस म्हणून त्यांचे दीर. त्यांची मदत म्हणजे छत्री धरणे.

सुतार कोचावर पडला होता. मनगटाला करकचून दोरी, बोट सुजून लालभडक. शेजारी काडेपेटीत पुरावा: मेलेला विंचू.

बाईंनी आधी दोरी कापली. हात चाचपला. उबदार, कोरडा. नाडी शांत.

"दुखतंय?"

"आधी आग झाली, आता खाज. दोनदा जेवलो, तरी अशक्तपणा!"

बाईंनी भिंगातून बोट पाहिलं आणि नखानं काहीतरी खरवडून रुमालावर घेतलं.

दारात मेहुणा सामान बांधून उभा. "विंचू दिसला तर मी खुर्चीवर चढतो, बाई."

"विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर," सुतार गरजला, "ह्याचं चार वर्षं माझ्या घरात!"

शेजारच्या काकू डोकावल्या. त्यांनाही बाईंनी विचारलं, काही पाहिलंत का?

"माझंच मला पुरे झालंय! पहाटे कुणीतरी माझ्या मधपेटीतलं पोळं पळवलं."

दिरांनी विंचवाला बोट लावलं. नांगी तुटून पडली. "अरेरे! वहिनी, माझ्या हातून मेला!"

"तो कधीच गेलाय, भाऊजी. पार वाळलाय. लाकडांच्या ढिगात सापडला असेल." बाई सुताराकडे वळल्या. "जहाल विंचू चावला की सूज थोडी, पण कळ अशी की गल्ली गोळा होते. मग दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार. तसं असतं तर मी गप्पा मारत बसले नसते. दोरी नाही, चिरा नाही, मंत्र नाही, तडक दवाखाना. शिवाय विंचू आपली नांगी परत घेऊन जातो. जखमेत काटा सोडते ती मधमाशी."

रुमालावर केसाएवढा काटा होता. काकूंनी तो पाहिला, मग सुताराला पाहिलं. सुतारानं छत पाहिलं.

"एका डंखात दोन कामं," बाई म्हणाल्या. "चोरी झाकली आणि मेहुणा घालवला."

मेहुणा सामान उचलून मागच्या खोलीकडे निघाला. सुतारानं तोंड उघडलं.

"काही म्हणालात?" बायकोनं विचारलं.

"नाही... म्हटलं, त्याला आणखी एक उशी लागेल का?"