तीन दिवसांची वाट

"मीनल, दे तो कागद इकडं!" काशी चुलीपुढून उठून जवळजवळ धावतच ओटीवर आली, पण फार उशीर झाला होता! कॉलेजात जाणाऱ्या तिच्या लेकीनं, उल्हासनगरच्या एजंटानं आजीच्या विमानाच्या तिकिटासोबत दिलेला कागद तिलाच मोठ्यानं वाचून दाखवायला घेतला होता.

"मुंबई ते नैरोबी, साडेचार हजार किलोमीटर. सहा तास! आजे, सकाळी बसलीस की दुपारी बाबांपाशी."

"सहा दिस?" पुतळाबाईंनी विचारलं.

"दिवस नाही गं, तास!"

काशीनं कागद ओढून घेतला. सात वर्षं उरात दडपून ठेवलेलं ते असत्य... आज पोटच्या पोरीनंच उघडं पाडावं ना!

शहाऐंशी साली सासरे शेवटच्या घटका मोजत होते आणि दाराकडे डोळे लावून एकच विचारत होते, "जयदेव निंगाला का?" नैरोबीत नोकरीला असलेल्या जयदेवचा फोन बदलापूरच्या वाण्याकडे आला, तो घेतला एकट्या काशीनं. मालक सुट्टी देत नाही, आलो तर नोकरी जाईल, मी येत नाही! मरणाऱ्या जिवाला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? "निंगालेत, मामंजी! इमानाला तीन दिस लागतात," ती म्हणाली. म्हातारा त्या समाधानात दुसऱ्या दिवशी गेला. मालकाचं मन द्रवलं आणि चौथ्या दिवशी जयदेव पोचला. बायकोच्या खोट्याआड मान खाली घालून तो गप्पच राहिला.

पुतळाबाईंचा सारा शोक मात्र सुनेवर उलटला. हिनंच पैशाच्या हावेपायी माझा लेक तीन दिवसांच्या वाटेवर धाडला! त्या दिवसापासून चामटोलीच्या त्या घरात दोन चुली पेटू लागल्या. सुनेच्या हातचं पाणीसुद्धा सासूनं वर्ज्य केलं.

"काशे, कागद खोटा का तू खोटी?"

"तवा इमानं सावकाश जायची, आत्याबाई..."

"काहीतरीच काय आई, तेव्हासुद्धा..." मीनल बोलू लागली आणि आईचा चेहरा बघून थबकली.

"माज्या डोल्यांत बघ," पुतळाबाई म्हणाल्या. "तो निंगालाच नव्हता ना?"

काशीनं त्यांचे पाय धरले. "त्यांना बोल लावू नका हो... मामंजी सुखानं गेले, मला तेवढंच पुरे!"

पुतळाबाईंनी तिचे हात पायांवरून सोडवले. मग उठल्या, पदरानं धरून आपल्या चुलीवरचं कालवण उतरवलं आणि तांब्याभर पाणी जळत्या लाकडांवर ओतलं. धुरानं घर भरून गेलं.

"लेक सहा तासांवं होता, आला नाय... आन या चुलीपासनं त्या चुलीशी यायला मला सात वर्सा लागली गं, पोरी!"

त्यांनी टोप काशीच्या चुलीवर ठेवला आणि तिथंच बसकण मारली.

"मीठ टाकायचं रायलंय," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "तुज्या हातानं टाक."