उलट्या पावलांची रोवणी

पवनीच्या बाजारातल्या सायकलच्या दुकानात ट्यूब एकच उरली होती आणि गिऱ्हाईकं होती दोन.

"मी आधी मागितली," गुंजन म्हणाली.

"मी कालच सांगून ठेवली होती," शेजारचा उंच तरुण म्हणाला. मग त्याने दुकानाबाहेर नजर टाकली. "तुमची सायकल कुठी आहे?"

"सायकल नाहीये माझ्याकडे."

"मंग ट्यूब काहून पायजे?"

"म्हाताऱ्या माणसांना ताणायला देते मी."

तो क्षणभर पाहतच राहिला... आणि असा काही हसला, की गुंजनला रागवावं की हसावं तेच कळेना. त्याने ट्यूब तिच्या हातात ठेवली. "न्या बापा! म्हातारे तुटले तर मले नका सांगू."

नाव न सांगताच गेला तो. कसला आगाऊ माणूस, असं म्हणत गुंजन आसगावला परतली, आणि त्या आगाऊ माणसाचं हसू काही केल्या डोक्यातून जाईना.

गुंजन नागपूरची. फिजिओथेरपीचं शिक्षण नुकतंच संपलेलं. आसगावातल्या वयस्कांचे पाय शेवटपर्यंत चालते राहावेत म्हणून ज्याला त्याला झेपेल असा व्यायामाचा तक्ता करून द्यायचा, हे तिचं सहा आठवड्यांचं काम. दुसऱ्या दिवशी यादीतलं पहिलं घर होतं केशवरावांचं. दार उघडलं... आणि समोर तोच!

"तुमी?"

"तुम्ही?"

त्याचं नाव योगेंद्र. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते ते त्याचे आजोबा केशवराव, घरादाराचे आबाजी. वय शहात्तर. गेल्या साली शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरून खालच्या बांधीत, भाताच्या चिखलात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. पण पडण्याची भीती काही गेली नाही. त्या घरची रीत अशी, की रोवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, रोपांची पहिली पेंडी घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्याने लावायची. गेल्या वर्षी ती योगेंद्रने लावली आणि तेव्हापासून आबाजींनी अंगण ओलांडलं नव्हतं.

"कसरत-बिसरत मले सांगू नोको पोरी," आबाजी भिंतीलाच म्हणाले. "बांधीत उभं करून देतं का, ते सांग. नाही तं औंदा वावर ठेक्यानं देऊन टाकतो. मंग हे खाट अन् मी."

"करून देते," गुंजन म्हणाली.

योगेंद्र तिच्यामागे फाटकापर्यंत आला. आता तो हसत नव्हता. "खोटी आस कायले दाखवता? दोन तास ते चिखलात पडून होते. मले फोन केला होता त्यांनी... मी पवनीले दोस्तांत बसून होतो. नाही उचलला. आता पडले ना मॅडम, तर ते उठणार नाहीत. अन् मी बी नाही."

"मी रोज येईन," गुंजन एवढंच म्हणाली.

आणि रविवार सोडला तर रोज आली. खुर्चीतून हात न टेकता दहादा उठणं. खांबाला धरून टाचा उचलणं. पायात ट्यूब अडकवून ताणणं. चुलीवर चहा उकळेपर्यंत एका पायावर उभं राहणं. आठवड्याला थोडं थोडं वाढवत गेली ती. आबाजी कुरकुर करत, शिव्या घालत, पण करत. योगेंद्र दाराशी उभा राहून ते डगमगले की श्वास रोखून धरी, आणि गुंजनला पाठमोरी असूनही ते कळे.

"माझ्यासाठी काही तक्ता नाही का मॅडम?" एकदा चहाचा कप देताना त्याने विचारलं.

"तुमचं काय दुखतं?"

"आईतवारी दुखते. तुमी येत नाही ना त्या दिवशी..."

गुंजनने चहात असं तोंड घातलं, की जीभच पोळली.

पाच आठवडे गेले. आबाजी अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत आखलेल्या रेघेवरून सरळ चालू लागले. रोवणी आठ दिवसांवर आली. त्या सकाळी गुंजन धुऱ्यावरून येत होती. रोवणीच्या मजुरीला जाणाऱ्या मालनबाईची टोळी शेजारच्या बांधीत धान लावत होती. वाकलेल्या बायांची रांग, हातात पऱ्ह्यांच्या, त्या कोवळ्या रोपांच्या, पेंड्या... गुंजन कौतुकाने पाहत थांबली आणि मग धुऱ्याच्या कडेपर्यंत पुढे गेली.

"मालनबाई... सगळ्या जणी मागं मागं का सरकताय?"

"मंग का लावल्या धानावर पाय देऊन पुढं जाऊ, माय?" मालनबाई खदखदून हसली.

गुंजनला हसू येईना. पाच आठवडे तिने आबाजींना पुढेच चालवलं होतं! मागे पाऊल टाकायचा सराव एक दिवसही नाही. गावात हे शेंबडं पोरही जाणतं, म्हणून कोणी सांगितलं नाही. आणि तिने विचारलं नाही.

ती तडक योगेंद्रकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. "चूक माझीच आहे."

त्याने अंगणातली रेघ पायाने पुसली. "मंग राहू द्या. मी समजावतो आबाजीले."

"आठ दिवस द्या मला. माझ्यावर रागवा, हवं ते बोला, पण आठ दिवस द्या."

त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुमच्यावर राग धरता आला असता, तर ट्यूब दिली असती का मी?"

त्याच दुपारी त्याने अंगणाच्या कोपऱ्यात पाणी सोडून चिखल तुडवला. आधी चवडा, मग टाच, मग अंगाचा भार... गुंजन स्वतः चिखलात उतरून उलटी चालून दाखवू लागली. एक, दोन, तीन... आणि तिची पाठ योगेंद्रच्या छातीला लागली. तो सरकला नाही. तीही नाही...

"पोरी," आबाजी म्हणाले, "हे बी तक्त्यात हाये का?"

रोवणीचा दिवस उजाडला. बारीक पाऊस पडत होता. आबाजींनी धोतर खोचलं, पेंडी हातात घेतली आणि एकटेच बांधीत उतरले. धुऱ्यावर गुंजन आणि योगेंद्र जवळ जवळ उभे. पलीकडे मालनबाईची टोळी वाकून लावायची रोपं उपटत होती. वाकून त्यांनी रोप लावलं. एक पाऊल मागे. पुन्हा रोप, पुन्हा पाऊल. तिसऱ्याला डावा पाय पोटरीपर्यंत रुतला आणि अंग एका बाजूला कललं.

योगेंद्र झेपावला. गुंजनने दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं.

"सोडा! पडतीन ते!"

"तुम्ही सावरलंत तर पुन्हा कधीच एकटे उतरणार नाहीत ते. थांबा... माझ्यासाठी थांबा."

आबाजी पडले, तर हा माणूस आपलं तोंड पाहणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि आता ते सोसवणार नाही, हेही त्याच क्षणी तिला कळलं.

आबाजींनी गुडघ्यावर हात टेकला. थांबले. मग चवडा हलवला, टाच सोडवली, पाय उपसला... आणि मागे टेकवला. ताठ उभे राहिले. बायांनी एकच गलका केला. आबाजींनी पेंडीतलं शेवटचं रोप लावेपर्यंत मान वर केली नाही.

योगेंद्रने मोकळ्या हाताने डोळे पुसले. "आता काम संपलं तुमचं. जाल नागपूरले."

"हो..."

"नका जाऊ. गंमत नाही करून राहिलो मी, गुंजन. आईतवारचं दुखणं रोजचं होऊन जाईल माझं."

पहिल्यांदाच त्याने तिला नावाने हाक मारली होती. तेवढ्यात बांधीतून आबाजींचा खणखणीत आवाज आला.

"पोरी, मी उभा आहो! आता त्याचा हात सोडला तरी चालते!"

गुंजनने खाली पाहिलं. योगेंद्रचं मनगट अजून तिच्या दोन्ही हातांत होतं. मालनबाईसकट सगळी रांग कंबर सरळ करून पाहत होती.

"नाही सोडत, आबाजी," गुंजन म्हणाली.