तीन कढया, एक कृती

तीन कढया. हळद एकाच वावरातली, पाणी एकाच विहिरीचं, शिजवणाऱ्या तिन्ही यंत्रमानवांना शिकवणारी माझी नात आर्वी. तरी पहिल्या कढईतल्या हळकुंडात गव्हाची काडी आरपार गेली, बाकी दोन्हींत मोडली. म्हणजे हळद कच्ची. असं का झालं, सांगा पाहू?

आमच्या बचत गटातल्या बायांनी ठरवलं होतं, आज काम बिघडलं तर यंत्रं परत पाठवायची आणि पुन्हा आपणच वाफेत उभं राहायचं. मागल्या साली त्या वाफेनं आर्वीच्या आईचा हात कोपरापर्यंत भाजला. पोरगी तेव्हापासून या उद्योगाला लागलेली.

"काल मी शिजवायची दहा मिनिटं वाढव म्हणाले होते. वाढवलीस?"

"वाढवली की, आज्जी."

"कुठं?"

तिनं संगणकात डोकावून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "पहिल्यातच."

घोळ असा. यंत्रमानव तीन कारखान्यांचे. त्यांची ऑपरेटिंग सिस्टिम (यंत्राचा सगळा कारभार पाहणारी प्रणाली) एकाच कुळातली, पण डिस्ट्रिब्यूशन (त्या प्रणालीची आपापल्या परीनं केलेली मांडणी) वेगवेगळं. उष्णता मोजणारी लायब्ररी (आयती मिळणारी मदतीची आज्ञावली) तिघांकडेही आहे, पण दर ठिकाणी तिचं नाव निराळं, जागा निराळी. म्हणून आर्वीनं पॅकेजं (बसवायला तयार बांधलेली सॉफ्टवेअरची गाठोडी) तीन लिहिली आणि शिजवायची कृतीही तीनदा उतरवली. दुरुस्ती एकीत केली, दोन विसरली.

"अगं शहाणे, साठ घरच्या लग्नांत मी पुरण शिजवलं. साठ कृती पाठ केल्या का? दारात शिरलं की आधी विचारायचं, घर कुणाचं, डाळ कुठं ठेवता, तिला म्हणता काय. पुढं हात आपला तोच."

"आधी विचारायचं," ती पुटपुटली आणि कामाला बसली. कच्च्या कढया तोवर आम्ही बायांनी हातानं शिजवून पूर्ण केल्या.

प्रत्येक प्रणालीत तिची ओळख लिहिलेली एक लहानशी फाइल असते. आर्वीनं कृती एकच ठेवली आणि तिच्या माथ्यावर अटी लिहिल्या. ओळख अशी असेल तर लायब्ररी या नावानं माग, तशी असेल तर त्या नावानं. ओळख पटलीच नाही तर अंदाजानं शिजवू नको, थांब आणि सांग. मग त्या एका कृतीतून संगणकानं तिघांची तीन पॅकेजं आपणहून बांधली. दहा मिनिटं एका जागी वाढवली, ती तिन्हीकडे पोचली.

यंत्रांना शेवटची संधी म्हणून दिलेल्या दुसऱ्या घाण्याला गटाची अध्यक्ष गयाबाई हिनं स्वतः काडी टोचली. तिन्हीकडे आरपार.

"राहू द्या यंत्रं," म्हणाली, तोंड वाकडं करूनच.

चार दिवसांनी शेजारच्या गावच्या बायांनी त्यांचा यंत्रमानव आणला. तो चौथ्याच कारखान्याचा. आमचं पॅकेज घालताच कढईपाशी उभा राहून आर्वीनं कृतीत लिहून ठेवलेलं वाक्य म्हणाला, "हे घर माझ्या ओळखीचं नाही. मी थांबलो आहे."

"माझ्या जावयापेक्षा बरा," गयाबाई म्हणाली. "तो न विचारताच सुरू होतो."

आर्वीनं त्याच्या नावाची एक अट वर जोडली. कृतीला हात लावला नाही.

"अशी आणखी किती घरं येतील गं?" मी विचारलं.

"येतील तितकी, आज्जी. दर घरामागं वर थोडं वाढेल, खालची कृती तीच."

"मग येऊ देत," मी म्हणाले, आणि पाचव्या कढईची जागा झाडून घेतली.