वळची बुजवलेली विहीर

विहिरींच्या पाण्याची नोंद ठेवणारं आमचं सॉफ्टवेअर कुणा एकाच्या मालकीचं नाही. आम्ही दहा-बारा हौशी माणसं ते सांभाळतो. गावोगावचे लोक दर रविवारी विहिरीत दोरी सोडतात, पाणी किती खोल आहे ते मोजतात आणि मोबाइलवरून आकडा पाठवतात. हे सगळं साध्या फायलींत साठायचं, आणि फायली बिचाऱ्या गरीब गाय, द्याल ते गिळतात. म्हणून यंदा मी त्याला एक खुला, फुकट मिळणारा डेटाबेस जोडायला घेतला. भिवंडीत आमच्या घराखाली लूम खडखडत असतात. त्या तालावर मी त्याला एकेक नियम घातला. त्यातला एक: आकडा शून्याखाली जाणार नाही. विहिरीचं पाणी जमिनीच्या वर उभं राहत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल.

जुन्या नोंदी भरताना डेटाबेस एकाच ओळीवर अडला. जवळच्या वळ गावच्या बाळारामकाकांची विहीर, उणे दोन फूट.

मी चिडलेच. ती विहीर चार वर्षांपूर्वी बुजवून तिच्यावर गोडाऊन उभं राहिलंय. तरी गेले चार रविवार तिच्या नोंदी आल्या होत्या. एकोणीस, बारा, पाच, उणे दोन.

काकांना फोन लावला.

"मी कशाला धाडू, बाय? हीर बुजवली तवापासून दोरीला हात लावला न्हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी वळला गेले. काकांचा मुलगा हितेश त्याच गोडाऊनमध्ये कामाला आहे. रविवारी बंद शटरच्या आत तो एकटाच राखणीला असतो. फरशी कोरडी ठणठणीत होती, धुळीत माझ्या चपलांचे ठसे उमटत होते. विहिरीचं तोंड होतं तिथल्या रॅकपाशी काका थांबले, वाकले आणि फरशीला लावलेला हात त्यांनी कपाळाला टेकवला.

"परवा रविवारी याचं मोजं ओलं व्हतं," ते हितेशकडे बघत हळूच म्हणाले.

"पत्रा गळला असंल, ताई," हितेश हसला.

मे महिना होता.

घरी येऊन मी आधी काकांचं खातं बंद केलं. मग नको ते गणित केलं. पाणी दर रविवारी सात फूट चढत होतं. म्हणजे येत्या रविवारी जमिनीच्या वर नऊ. हितेश फार तर साडेपाच फुटांचा.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. आकड्यांवर आहे, आणि त्यांचीच मला भीती वाटली. लाजत लाजतच काकांना पुन्हा फोन लावला.

"काका, रविवारी हितेशला पाठवू नका. कारण मात्र विचारू नका."

"न्हाय इचारत. नोकरी गेली तर जाऊं दे. पोर ऱ्हायला पायजे."

रविवारी बाराच्या ठोक्याला डेटाबेसनं एक ओळ नाकारली. बंद केलेल्या खात्यावरून आलेली.

उणे नऊ.

सोमवारी सकाळी हितेशचा फोन आला. कुलूप जसंच्या तसं होतं. फरशी कोरडी, माल कोरडा.

"फक्त माझी प्लास्टिकची खुर्ची सापडत नव्हती, ताई. रॅकच्या वरच्या फळीवर हाय, नऊ फुटांवर. शिडीबिगर हात न्हाय पोचत तिथं."

मी नाकारलेली ती ओळ पुन्हा उघडली.

"शनिवारी अर्धा चहा तिच्यावरच ठेवून गेलतो. कप तसाच उभा हाय. एक थेंब सांडला न्हाय."