न घेतलेली बंदूक

“दोन्ही हातांनी धर गं ताई! मेला उंदीर शेपटीनं उचलल्यासारखी काय धरतेस?”

धाकट्या भावाच्या, लाइलच्या या बोलण्यावर बंदुकांचा दुकानदार प्रुइट खो-खो हसला आणि व्हर्ना हॅचरनं हातातलं पिस्तूल काचेवर ठेवून दिलं. तो तेलाचा उग्र वास, काचेच्या कपाटात मिठाईसारखी मांडलेली पिस्तुलं, बायकांसाठी म्हणून मुद्दाम गुलाबी मूठ बसवलेलं ते रिव्हॉल्वर... शी! मरणालासुद्धा लाडिक रंग देतात ही माणसं!

“नवख्या हाताला पिस्तूल नको, बाई,” प्रुइट म्हणाला. “पहिलीच वेळ आहे, तर ही छर्ऱ्यांची लांब बंदूक न्या. जुनी आहे, निम्म्या किमतीत देतो. नुसता काडतूस सरकवल्याचा खटका ऐकूनच चोर धूम ठोकतो.”

“आणि नाही ठोकली तर?” लाइलनं विचारलं.

“तर मग बादली-फडकं जवळ ठेवा म्हणजे झालं!”

दोघंही हसले. त्यानं हातात दिलेली ती बंदूक व्हर्नानं काउंटरवर ठेवली आणि हात झग्याला पुसले... एकदा पुसले, पुन्हा पुसले, पण तो तेलकटपणा काही जाईना.

गेल्या रविवारी ती प्रार्थनेला गेली असताना तिच्या घरात चोरी झाली होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दिलेल्या वेदनाशामक गोळ्यांची बाटली गेली आणि ठरून मोडलेल्या लग्नाची, नियोजित वर एव्हरेटनं परत घ्यायला नकार दिलेली अंगठी गेली. तेव्हापासून लाइलनं घोषा लावला होता, “एकटी बाई, घराला बंदूक नाही, हे केंटकीत शोभतं का?” भित्री म्हणून झालं, चिकट म्हणून झालं. व्हर्नानं सारं मुकाट्यानं गिळलं. आयुष्यभर दुसरं काय केलं होतं तिनं! वीस वर्षांपूर्वी लाइलची बायको चार वर्षांच्या लेकीला, कोरिनला टाकून निघून गेली, तेव्हा तिनंच लेक्सिंग्टन शहरातल्या शाळेतली नोकरी सोडली, एव्हरेटला नाही म्हटलं आणि त्या पोरीला पोटाशी धरलं. तीच कोरिन गोदामातल्या कामात पाठ दुखावल्याचं निमित्त होऊन तसल्याच गोळ्यांच्या आहारी गेली, आणि गेल्या हिवाळ्यात लाइलनं तिला दाराबाहेर काढून सांगितलं, “मला मुलगी नाही!”

आणि व्हर्नाला पहिल्या क्षणापासून कळलं होतं. तळघराच्या दाराची कडी उचलताना गुडघ्यानं दार दाबावं लागतं, हे परक्या चोराला कसं ठाऊक असणार? म्हातारा कुत्रा ओटिस एरवी पोस्टमनवरसुद्धा भुंकतो, तो त्या दिवशी गप्प राहिला होता. त्याचं पाण्याचं भांडं काठोकाठ भरलेलं होतं... चोरानं जाताना कुत्र्याला पाणी ठेवलं होतं! जमिनीवरची चिखलाची पावलं व्हर्नानं स्वतः पुसली आणि चौकशीला आलेल्या शेरीफच्या पोलिसाला सांगितलं, मला काही माहीत नाही.

“हे बघ,” लाइलनं भिंतीवरच्या, नेमबाजीसाठीच्या कागदी माणसाकडे बोट दाखवलं. जॅकेटची टोपी डोक्यावर ओढलेली, खांदे पाडलेली ती काळी आकृती होती. त्यानं त्या आकृतीच्या छातीवर बोट टेकवलं. “इथं. बरोब्बर इथं हाणायचं. असल्या घाणीला जगायचा हक्कच काय!”

ते खांदे... तसेच अरुंद, तसेच वाकलेले! व्हर्ना भावाकडे वळली.

“लाइल,” ती म्हणाली, “त्या घाणीला मी या हातांनी न्हाऊमाखू घातलंय.”

“म्हणजे?”

“कोरिन आली होती रे घरात... आपली कोरिन!”

प्रुइट उगीचच फडक्यानं काच पुसू लागला.

“खोटं!” लाइल किंचाळला, मग त्याचा आवाज एकदम बसला. “मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं, तर ही बंदूक तू माझ्या हातात न देता स्वतःच्या हातात घेतली असतीस!” तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. “आणि मी तरी कुठली शहाणी? गप्प बसण्याला मी माया म्हणत राहिले. माया कसली, लाज होती ती! चर्चमधल्या बायका काय म्हणतील, म्हणून त्या पोरीला मरणाच्या दारात एकटं सोडलं. मला माझीच किळस येते, लाइल... या बंदुकीपेक्षा जास्त!”

लाइलनं त्या कागदी छातीवरचं बोट काढलं आणि चटका बसल्यासारखा तो हात खिशात लपवला. “कुठं आहे ती?” त्यानं विचारलं.

बंदूक तिथंच टाकून दोघं निघाली. व्हर्नानं चोरीनंतर गुपचूप शोधून ठेवलेल्या, हमरस्त्यालगतच्या स्वस्त मोटेलमध्ये, भर दुपारी पडदे ओढलेल्या खोलीत ती होती. दार उघडताच आंबलेल्या अन्नाची, लघवीची, ओकारीची भपकन घाण आली. पलंगाच्या कडेला हाडांचा सापळा बसला होता. बापाला पाहताच तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले.

“मारायला आलात ना, बाबा? मारा... एकदाचं मारून टाका!”

लाइल त्या ओल्या, चिकट गालिच्यावर गुडघे टेकून बसला.

“घरी चल,” तो कसाबसा म्हणाला. “नाही... आधी दवाखान्यात. मग घरी.”

“मी पुन्हा चोरी करीन, बाबा. मला माझाच भरवसा नाही.”

“मग तुझ्यावर भरवसा आत्यानं किती दिवस एकटीनं ठेवायचा? थोडा मी ठेवतो.”

कोरिननं मान वर करून व्हर्नाकडे पाहिलं. “आत्या... तुला सगळं कळलं होतं?”

“कळलं होतं, बाळा. त्याच दिवशी यायला हवं होतं मी. चुकलेच!”

लाइलनं लेकीला दोन्ही हातांवर उचललं. किती हलकी झाली होती ती! दारापर्यंत येतो न येतो तोच तिला मळमळून आलं आणि ती त्याच्या गळ्यावर, छातीवर ओकली. “शी... मला खाली ठेवा, बाबा, मला खाली ठेवा,” ती ओशाळून रडू लागली.

लाइलनं तिला अधिकच घट्ट धरलं... आणि तोंड फिरवलं नाही.