तळघरातली रेघ

दिवा असू दे, स्वानंदी. गोष्ट लांबची नाही. सुभाष माझ्याबरोबर साखर कारखान्यात बॉयलरवर होता. हे त्यानं फक्त मला सांगितलं.

तो मुलाकडे आयर्लंडला, स्लायगो गावी आला होता. ११ जानेवारी २०१७, बुधवार. घर भाड्याचं, फार जुनं, तळघरात घर तापवणारा वाफेचा बॉयलर. सून पुण्याला गेलेली. मुलगा सलील रात्रपाळीला निघाला; घरात सुभाष आणि छोटी नात रेवा.

"बाबा, झोपण्याआधी बॉयलरचं पाणी बघाल ना? रेवाची खोली बरोबर त्याच्या वर आहे."

"अरे, जन्मभर तेच केलंय. जा तू."

बॉयलरला एक उभी काचेची नळी असते. आत पाणी किती, ते तिच्यात दिसतं. पण तोंडाशी गाळ बसला की ती खोटं दाखवते. म्हणून खालची तोटी सोडून नळीतलं पाणी बादलीत काढायचं, तोटी बंद करायची, आणि नवं पाणी चढतंय का ते बघायचं. आमच्या कारखान्यात हे केलं की भिंतीवर खडूनं एक रेघ मारायची. पुढच्या पाळीचा माणूस ती बघून निर्धास्त.

सुभाष खाली गेला. नळी अर्धी भरलेली दिसली. गारठ्यानं गुडघे दुखत होते. खिशात रेवाचा खडू होता, संध्याकाळी दोघं शाळा-शाळा खेळले होते. तोटी न सोडताच त्यानं रेघ मारली. वर येऊन खडू तिच्या दप्तरात टाकला, चेन लावली, झोपला.

"आजोबा, दॅट्स चीटिंग!" स्वानंदी म्हणाली.

हो बाळा. आणि ते दुसऱ्यांदा होतं. कारखान्यात एकदा पाळी संपताना त्यानं अशीच रेघ मारली होती. पुढची पाळी चंद्रहासची. तो डावखुरा, त्याची रेघ नेहमी डावीकडे कललेली. सुभाषची रेघ बघून तो डबा उघडून बसला...

बॉयलर फुटला, चंद्रहास गेला. भिंतीवरची रेघ तशीच राहिली. रेघ आहे म्हणजे आधीच्या पाळीनं पाणी तपासलं होतं, म्हणून चौकशीत ठरलं, चूक चंद्रहासची. त्याची बायको समोर बसली होती. सुभाष बोलला नाही.

तर त्या रात्री. दोन वाजून दहा मिनिटं. खालून आवाज आला. तोटी सोडल्याचा.

फस्स्...

मग बंद.

मग बादलीची कडी वाजली.

सुभाष उतरला. तळघरात कुणी नव्हतं... बादलीत वाफाळतं पाणी. तोटी घट्ट बंद. नळी रिकामी. तो बघत राहिला. पाणी चढेना. आत पाणीच नव्हतं. खाली आग चालू. वर रेवा.

त्यानं बटण बंद केलं. गार पाणी सोडलं नाही, कोरडा तापलेला बॉयलर त्यानंच फुटतो. रेवाला रजईसकट उचलून अंगणात नेलं.

"चंद्रहास..." एवढंच तो म्हणाला.

सकाळी सलील आल्यावर दोघं खाली गेले. त्याआधी सुभाषनं दप्तर बघितलं. चेन लावलेली. खडू आत.

भिंतीवर त्याची रेघ होती. सरळ.

तिच्या शेजारी आणखी एक... डावीकडे कललेली.